भावाच्या वतीनं

न्हाई न्हाई, बसा तुम्ही शीतलताई, फॉर्म कुठं पळून चाललाय? भरतो की. चहा सांगितलाय. अन् रामेश्वरचं मला इचारायचं म्हंजे — सख्खा धाकटा भाऊ हाये माझा, चौतीस वर्षं बघून राह्यलो, त्याच्याबद्दल त्याच्यापेक्षा मलाच जास्त माहिती. मागल्या साली तुमचे सर संशोधनाचा फॉर्म घेऊन आल्ते तवा बी मीच सगळं सांगितलं, इथंच, दुकानात, खताच्या गोण्यांवर बसून. चाळीस प्रश्न व्हते. रामेश्वर शेजारीच उभा. सरांनी त्याला इचारलं, मन उदास असतं का? मी म्हणलं, सर, त्याला बियाण्याचे लॉट नंबर इचारा, तीन वर्षांमागचे बी सांगतो, मन-बिन त्याच्याकडं न्हाई. सरांनी बराबर लिहून घेतलं. खोटं काय त्यात? स्वमग्न हाये, संभाजीनगरच्या डॉक्टरनं सांगितलं, एकतिसाव्या वर्षी. तवर आम्ही नुसतं ‘येगळा हाये’ म्हणायचो.

मंग रामेश्वरनं काय करावं? एक कोरा फॉर्म राह्यला व्हता. त्याच्यावर लाल पेनानं चुका काढल्या — त्याच्या न्हाई, तुमच्या प्रश्नांच्या — अन् दिला पोस्टानं धाडून. मला पत्ता न्हाई. ‘उदास वाटतं का’, त्याच्यापुढं लिहिलं: कधी? सकाळी का दुकान बंद झाल्यावर? ‘लोकांत मिसळायला आवडतं का’: किती लोकांत, अन् हायवेचे हॉर्न चालू असताना का बंद असताना? मला कळलं तवा वाटलं, आता काही खरं न्हाई, सर रागावतील, भावानं नाव घालवलं. आलं काय, तर पत्र. की रामेश्वररावांना आमच्या संशोधनात भागीदार म्हणून घ्यायचंय. भागीदार. वीस वर्षं झाली तो या दुकानात राबून राह्यला, मी त्याला भागीदार केलं न्हाई ताई, अन् तुम्ही एका टपालात केलं.

जालन्याला बैठक ठेवली, मी घेऊन गेलो. इस्तरीचे कपडे घातले, दोन शब्द बोलावं लागतील म्हणून घरी तयारी करून गेल्तो. तर तुम्हीच दारात म्हणल्या, भाऊ, तुम्ही बाहेर बसा. आत त्याला धरून सहा जणं, सगळी त्याच्यासारखी, अन् सर. बाहेर आम्ही — आया, बाप, भाऊ — ओळीनं खुर्च्यांवर. तीन तास. घरी जो माणूस दिवसाला दहा वाक्यं बोलत न्हाई, त्याचा आतून सारखा आवाज येऊन राह्यला. मी खुर्ची सरकवली दाराजवळ, आता तुमच्यापासून काय लपवायचं, पण शब्द काही कळंनात. परत येताना एसटीत इचारलं, काय बोलला रे एवढं? तर म्हणला, “ते सांगायचं न्हाई. आम्ही ठरवलंय.” आम्ही. हा शब्द त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

अन् आता हा फॉर्म. घरच्यांसाठी, त्या सहा जणांनीच तयार केलेला. नाव, नातं, ठीक हाये. तिसरा बघा — ‘त्यांच्या वतीनं तुम्ही शेवटचं उत्तर कधी दिलं?’ आज सकाळी. हॉटेलवाल्यानं त्याला इचारलं, साखर किती, अन् मी म्हणलं, कमी. आता साखरेचं बी लिहायचं का? लिहायचं? बरं. चौथा, पाचवा, सहावा सोपा. सातवा — ‘तुम्हाला त्यांचा कधी भयंकर राग आला का? त्यांनी तसं का केलं, हे नंतर त्यांना इचारलं का?’ छापील अक्षर हाये ताई, पण कोणाचा प्रश्न हाये ते मला कळतं.

आमची माय गेली, चार वर्षं झाली. तिच्याच मागं-मागं असायचा तो. गोदेच्या काठाला चिता पेटवली, सगळे रडून राह्यले, वर पुलावर गाड्यांचा हॉर्न थांबंना, अन् हा नदीकडं तोंड करून उभा, दोन्ही कानांवर हात. पाव्हणे कुजबुजायला लागले, पोटच्या पोराला काहीच कसं वाटंना. तर मी तिथंच, चारचौघांत — एक ठेवून दिली. रडला न्हाई. पण तवापासून जेवण तुटलं, चार महिने भिताडाकडं तोंड. दवाखान्यात नेला, डॉक्टरनं इचारलं काय होतंय, मी म्हणलं, हट्ट करून राह्यला. झोपेच्या गोळ्या दिल्या. उत्तर मीच दिल्तं ना.

इचारलं का म्हणता? न्हाई इचारलं. इचारायचं काय त्यात, मला वाटलं मला ठाऊक हाये... बैठकीत सांगितलं त्यानं? मायच्या वेळचं? त्या पाच अनोळखी माणसांसमोर? न्हाई, सांगू नका. म्हंजे — काय म्हणला तेवढं एक सांगा, बाकीचं राहू द्या. नियम हाये? मी भाऊ हाये त्याचा. बरं. नियम म्हंजे नियम.

द्या पेन इकडं. ‘न्हाई’ एवढंच लिहू, का कारण बी लागतं? जागा तर चार ओळींची ठेवली त्यांनी. राहू द्या रिकामी.

तो? मागं गोदामात हाये, युरियाच्या गोण्या रचून राह्यला. चला, मी येतो संगं, एकदम तुम्हाला बघून गडबडतो तो, मी आधी त्याला समजावून सांगतो की ताई आल्यात, त्यांना —

जा तुम्ही. दार उघडंच राहू द्या. न्हाई, लावून घ्या. जा ताई, माझं गिऱ्हाईक आलंय.