पेटीत काय हाय, इचाराचं नाई

...नाई नाई, हसू नका! तुमाले हसाले काय जाते? या खेमसिंगच्या जागी तुमी असते ना, तं थेट बाभुळगावलोक पयाले असते!

मारेगावच्या अलीकडं नाल्यावर पेटी अडकली. केवढी? आमच्या तांड्याच्या नायकाचं घर पाह्यलं? त्याले चारी आंगानं सागाच्या पाट्या ठोका, झाली पेटी! पूल कच्चा, मोटर जाईना. मंग आली आमच्या तांड्याची आठवन! बारा जोड्या बैलं, खाली ओंडके, अन् नाल्यातून पेटी पार कराची. सगयात पुढं मी, माह्या राज्या-हिऱ्यासंग.

आता तुमी म्हनान, आत काय हाय हे इचारलं काहून नाई? अरे, कसं इचारू! आमच्या आज्या-पंज्यानं बैलाच्या पाठीवर मीठ वाह्यलं, गहू वाह्यला, राजाची बारूद वाह्यली, पन गोनीचं तोंड नाई सोडलं. लदेनीचा, बैलावर माल लादून न्याच्या धंद्याचा, कायदाच हाय. माल लोकाचा, पाठ आपली. आत काय हाय, इचाराचं नाई!

अन् पेटीसंग आलेला तो चष्मेवाला सायेब! "हे बघा, धक्का लागता कामा नये. केसाएवढी चीर गेली, की सगळं संपलं!" मले घाम फुटला. "जवळ कुणी विडी ओढायची नाही. धुराचा कण आत गेला, तर..." तर काय? नुसता चष्मा पुसे. मंग म्हने, "ही एकच फोड आहे. अशा चोवीस फोडी गोल जोडल्या, की यंत्र तयार. त्यात अणूचे कण गोल गोल पळवायचे, वेग वाढवायचा, आणि नेऊन आपटायचे!" अणू! या बासष्ट साली अणू म्हनलं का मानसाच्या डोयासमोर काय येते, तुमीच सांगा! बाँब! म्हंजे मी बाँबची फोड वढून राह्यलो! इचारू का, इचारू का, जीभ नुसती वयवय करे... पन नाई! आत काय हाय, इचाराचं नाई!

माही बायको नंदाबाई काठावर उभी. मी म्हनलं, "लेकरं घे अन् तुह्या मायच्या घरी जाय." "काहून वो?" "जाय म्हनलं ना!" खरं सांगतो, मले वाटे ही शेवटचीच भेट. तिचं तोंड नीट पाहून घेतलं, अन् ती म्हने, "भाकर तं खाऊन घ्या!"

निंगालो. एक एक वीत. मांगून सायेब, "हळू! हळू!" मी हिऱ्याच्या कानात, "बापा, शिंकू नको रे!" अर्धा नाला पार झाला, अन् दोर... तटकन! पेटी घसरली, अन् काया फत्तरावर... धड्डाम!

बाकीचे बैलवाले पयाले बाभयीच्या पल्याड! मी बी पयालो असतो हो, पन पाय उचलन तं ना! पडलो तिथंच चिखलात उबडा, कानात बोटं, "सेवाभाया, सांभाय!" ... काईच नाई झालं. सायेब पेटीची एक पाटी उचकून आतल्या फोडीले कान लावून टिचक्या मारे. टन्... टन्... "वाचलं!" म्हने, अन् चक्क रडे!

तव्हा मोडला मी साती पिढ्याइचा कायदा. म्हनलं, "सायेब, आत काय हाय?"

"काही नाही."

"म्हंजे?"

"फोड आतून पोकळ आहे. सगळ्या फोडी जोडल्या, की पंप लावून आतली हवासुद्धा काढायची. चीर असली तर हवा परत शिरते. आत काहीच नको असतं आपल्याला."

ऐका! बारा जोड्या बैलं, अन् वढलं काय, तं काई नाई! अन् वरून त्यातली हवा बी काढनार!

तांड्यावर आलो तं सगये जमलेले, पयालेल्याइनं बाँबची गोठ आंधीच सांगितलेली. नायक इचारे, "काय होतं रे आत?" सांगू कसं, का रिकाम्या पेटीले भेलो? मान वर केली अन् म्हनलं, "नायक, लदेनीचा कायदा हाय. सांगाचं नाई."

नायकाचे डोये भरले. "पाहा रे! तुमी पयाले, अन् हा बहाद्दर बैलं वाचवाले बाँबपुढं आडवा झाला! उरलेल्या तेवीस पेट्याइच्या पुढं खेमसिंगच!"

उद्या दुसरी येऊन राह्यली. धक्का लागो का न लागो, मले आता तेवीस खेपा चिखलात आडवं होनं आलं!