यात हाय-हॅटच नाही

अं-अं, तोंड मिटू नका — मोठ्ठं, अजून मोठ्ठं, हां, असं — तर मी काय म्हणत होते, तुमचा तो टी-शर्ट. दारातून आत आलात ना, तेव्हाच मनात म्हटलं, आपला माणूस! काळा टी-शर्ट, त्यावर बँडच्या नावाची ती काटेरी झुडपासारखी अक्षरं, कुणाच्या बापाला वाचता येणार नाहीत अशी — मी लांबून वाचली. म्हटलं वा, टक्कल पडलं तरी हा गडी असला टी-शर्ट घालून दाढ दाखवायला येतोय म्हणजे खरा भक्त. सगळे अल्बम असतील ना त्यांचे तुमच्याकडे? — मान नाही हलवायची, सुई आत आहे. डोळ्यांनी सांगा. एकदा मिटले तर हो, दोनदा मिटले तर नाही. ...दोनदा. एकही नाही? मग हा टी-शर्ट — तुमचा नाहीच? मुलाचा? हाताला लागला आणि घातला. बरं. म्हणजे मीच येडी. पण असू दे हो, आता कुठे पळताय, या दाढेच्या मुळातल्या सगळ्या नळ्या साफ करायच्यात अजून, तोवर ऐकावंच लागेल तुम्हाला.

मला बघून कुणाला वाटत नाही, माहितीय मला. चष्मा, पांढरा कोट, हे असे केस चापूनचोपून — लोकांना वाटतं बाई घरी जाऊन लोकरीचे मोजे विणत असेल. विणते पण, तो भाग वेगळा. पण विणताना जी गाणी लावते ती तुमच्या मुलालाच सोसतील. कसं लागलं हे खूळ? सांगते. मी दातांच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते. माझ्या खोलीतल्या मैत्रिणीच्या भावाचा बँड, तिकिटं काही खपेनात, म्हणून मला फुकटात ओढून नेलं. बंद पडलेल्या कारखान्याची शेड, भर दुपार, वर तापलेले पत्रे, आणि मी कशी गेले? इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि चपला घालून. चपला! असल्या ठिकाणी चपला घालून येणारी त्या शेडनं तेवढी एकच पाहिली असेल. पहिला ठोका पडला, मला वाटलं पत्रे कोसळले. दुसरा पडला — आणि माझ्या बरगड्या मला एकेक करून वेगळ्या कळल्या. नावं सगळी पाठ होती हो मला बरगड्यांची, पण ओळख त्या दिवशी झाली. आता हा आवडण्यासारखा प्रकार आहे का? नाहीच. पण मी तिथून हलेना.

समोर सगळे एकमेकांना ढकलत गोल फिरत होते, आणि मी भिंतीला पाल चिकटावी तशी चिकटलेली — तर त्या घुसळणीतून एक लंबूटांग पोरगा बाहेर आला. तोंडावर हात, बोटांमधून रक्त, आणि हसतोय! मला म्हणतो, ‘डाट पडला.’ म्हटलं, कुठे? तर त्यानं मागे बोट दाखवलं, त्या सगळ्या नाचणाऱ्या पायांकडे. आणि मी घुसले. रांगत. खरंच, रांगत! लोकांना वाटलं ही नाचाची काहीतरी नवीन तऱ्हा आहे, तर दोघंचौघं माझ्यामागे रांगायला लागले. एक चप्पल गेली ती गेलीच. पण दात सापडला. मुळाला हात लावायचा नाही, वरच्या बाजूनं धरायचा — हा प्रश्न मला परीक्षेत आला होता आणि मी चुकवला होता, म्हणून जन्मभर लक्षात. बाहेरच्या चहाच्या टपरीवरून कपभर दूध आणलं, त्यात दात बुडवला आणि त्या पोराला तिथेच एका खोक्यावर बसवून जागच्या जागी दाबून बसवला. म्हटलं, रुमाल चाव आणि गप्प बस. तर रुमाल चावून म्हणतो कसा, ‘माझं आवडतं गाणं चुकलं तुमच्यामुळे!’ दुसऱ्या दिवशी कॉलेजात नेऊन तार बांधली. धरला दात. अजून आहे — थोडा करडा पडलाय, पण आहे. नवराही आहे.

— दुखतंय? नाही ना? हसताय होय. हसू नका, हात हलतो माझा.

मग काय, संसार झाला तो सगळा याच गोंगाटात. सासूबाई पहिल्या आठवड्यात दोनदा मिक्सर बंद करायला उठल्या. पुढे पुढे त्यांना सवय झाली, त्या शेजारणीला सांगायच्या, ‘आमच्या सूनबाईला आवाज लागतो,’ जसं एखाद्याला तिखट लागतं. भिंतभर अल्बम. सुट्टी आली की शो. चाळिशीनंतर मी कमरेला पट्टा बांधून जायला लागले, नवऱ्याच्या हातात बसायची उशी. डोकं झटकायचं ते पण मान सांभाळून — लांबून बघणाऱ्याला वाटावं, बाई कुणाला तरी नुसतं ‘हो हो’ म्हणतेय. एकदा एका पोरानं येऊन अदबीनं विचारलं, ‘काकू, तुमचं कुणी हरवलंय का?’ आणि कानात बोळे? छे! बोळे घालणाऱ्यांना मी हसायचे. पहिल्या रांगेत स्पीकरला खेटून उभं राहायचं आणि वर कान बंद करायचे म्हणजे पंगतीला बसून तोंडाला कुलूप. असं मी म्हणायचे. मोठ्यांदा म्हणायचे, चारचौघांत.

तर — जरा डावीकडे वळा — आमच्या आवडीचा एक अल्बम आहे, निळ्या कव्हरचा. पुरा झिजवलेला. मध्यंतरी कंपनीनं तो नव्यानं काढला, सगळा आवाज धुऊनपुसून, मी धावत जाऊन आणला, लावला — आणि माझं डोकंच फिरलं. हाय-हॅटच नाही! हाय-हॅट म्हणजे ड्रमवाल्याच्या डाव्या अंगाला एकावर एक दोन थाळ्या असतात ना, पायानं मिटायच्या — च्च च्च च्च च्च — सगळं गाणं त्या दोरीवर वाळत घातलेलं असतं. आणि दोरीच गायब! म्हटलं, ही काय लूट आहे? तशीच उठले, दुकानात गेले. दुकानदार जुना ओळखीचा. काउंटरवर अल्बम आपटला आणि म्हटलं, यात हाय-हॅटच नाही. खराब माल आहे, परत घ्या. तो बिचारा म्हणाला, ताई, बघू या, आणि त्यानं तिथल्या मशीनवर लावला. ऐकलं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, ‘आहे की.’ म्हटलं, कुठे आहे? तर तो हवेत बोट आपटून दाखवायला लागला — ‘हे बघा... हे... हे... हे.’ दुकानात एक बाई होती, लहान मुलांच्या गाण्यांचं काहीतरी घ्यायला आलेली — तीसुद्धा मान डोलवतेय! म्हटलं, तुमचं मशीन बिघडलंय. मग म्हटलं, तुम्ही सगळे मिळून माझी चेष्टा करताय. त्याचं बोट आपलं चालू होतं हवेत, आणि मी बघत होते.

घरी आले, जुनी तबकडी काढली. तीच, झिजवलेली. तिच्यातूनही गेली होती हाय-हॅट.

नवरा दारात उभा होता. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, ‘मला कधीचं माहितीय.’ म्हटलं, काय माहितीय? तर म्हणाला, ‘फ्रिजचं दार उघडं राहिलं की तो ओरडतो. तू त्याच्यासमोर बसून पेपर वाचतेस.’ आता मला हा फ्रिज ओरडतो हेच ठाऊक नाही! आणि तेव्हा उलगडा झाला एकेक गोष्टीचा — आदल्याच आठवड्यात तो स्वयंपाकघरातून ओरडला होता, ‘अगं, भाजी सांडली!’ आणि मी बाहेरून म्हटलं होतं, ‘मांडली तर बस ना मग जेवायला!’ भांडलो होतो आम्ही त्यावरून. चांगले दोन दिवस.

मग मी काय केलं सांगू? सांगू नये खरं तर, दातांच्या डॉक्टरनं पेशंटला तर मुळीच सांगू नये. मला आठवलं की आवाज हाडातूनही कानात जातो. दात जबड्यात, जबडा कवटीशी — म्हटलं, हा रस्ता आपल्याच धंद्यातला! घरात कुणी नाही असं बघून गुडघ्यांवर बसले, अल्बम लावला आणि स्पीकरच्या लाकडी पेटीत वरचे-खालचे दात रोवले. काय थरथर सांगू — डोळ्यांपर्यंत! आणि त्याच वेळी नवरा आत. दारात पिशवी घेऊन उभा. त्यानं बघितलं, बायको गुडघ्यांवर बसून स्पीकर खातेय. पिशवी ठेवली आणि स्वयंपाकघरात निघून गेला. आणि हाय-हॅट? कसली येतेय! आतली नस मेल्यावर हाडानं काय होणार — रोज मुळाच्या नसा काढणाऱ्या बाईला हे कळू नये? पेटीवर मात्र अजून खुणा आहेत. चाव्याचा ठसा उत्तम आलाय.

कानाच्या डॉक्टरकडे गेले शेवटी. ऐटीत गेले बरं का — सगळं सांगितलं, कुठले कुठले शो, कोणत्या रांगेत, बोळे कधी घातले नाहीत. म्हटलं, डॉक्टर, कान गेले ते गेले, पण कशात गेले बघा! त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘आणि दिवसभर काम काय करता?’ सांगितलं. तर म्हणाले, शो काय, अधूनमधून — पण ते दात कोरायचं मशीन रोज कानाशी धरता ना? त्याची किंचाळी नेमकी असले बारीक, उंच आवाज ऐकायची नसच मारते. बहुतेक त्यानंच गेले असावेत. ...कळलं का तुम्हाला? हे. हे माझ्या हातातलं. म्हणजे सगळं आयुष्य मी समजत होते की माझे कान माझ्या बँडवर ओवाळून टाकले, आणि ते गेले कशात, तर लोकांच्या किडक्या दाढांत! — अहो, घाबरू नका. मशीनचा आवाज मला कमी येतो, पण बोटांना सगळं कळतं. बोटं शाबूत आहेत. झोपून राहा.

नवऱ्याला नाही सांगितलं हे. त्याला सांगितलं, शोमुळेच. तो म्हणाला, ‘मग वसूल झालं म्हणायचं.’ म्हटलं, हो तर.

आणि गेल्या महिन्यात तेच आले, निळ्या अल्बमवाले. म्हातारे झालेत, शेवटचा दौरा म्हणतात. मी जाणार नव्हते — ऐकायचं कशानं? नवऱ्यानं ओढून नेलं. मोठं सभागृह, दुपारचा शो, आमच्यासारख्या गुडघेवाल्यांना बसायला खुर्च्या. पहिल्या गाण्याला बरगड्या हलल्या, तेवढं शाबूत आहे अजून. पण मधे ते गाणं आलं — त्यात सगळे थांबतात, गिटार थांबते, आणि फक्त हाय-हॅट चालू राहते, खूप वेळ. सगळं सभागृह श्वास रोखून ऐकतंय, आणि मला — काही नाही. पडद्यावर म्हाताऱ्या ड्रमवाल्याची काठी हलतेय, आणि माझ्याकडे नुसती शांतता. मी पर्स उघडून उगाच काहीतरी शोधायला लागले. तेवढ्यात माझ्या खांद्यावर — टक टक टक टक. नवरा. समोर बघत, एका बोटानं. हाय-हॅट वाजवतोय माझ्या खांद्यावर. आणि काय सांगू तुम्हाला, बेताल! ठार बेताल! काठी एकीकडे, याचं बोट दुसरीकडे. इतकी वर्षं माझ्या शेजारी उभा राहून ऐकतोय आणि चार ठोके सरळ धरता येत नाहीत माणसाला. हात झटकणार होते मी त्याचा. नाही झटकला. गाणं संपलं, टाळ्या झाल्या, पुढचं सुरू झालं, तरी त्याचं आपलं चालूच —

थांबा हं. चष्म्यावर उडालं काहीतरी. तुमच्याच तोंडातलं असणार.

...झालं. चूळ भरा. बधिरपणा जाईपर्यंत या बाजूनं चावू नका, गाल सापडेल दातांत. दाढेवर टोपी बसवू पुढच्या आठवड्यात. नाही, बोलू नका आता, नीट बोलता यायचं नाही तुम्हाला. बाहेर काउंटरवर एक उंच माणूस बसलाय, एक दात करडा, त्याच्याकडून तारीख घ्या — हल्ली फोन तोच घेतो इथले. त्या मशीनचं आणि माझ्या कानांचं त्याच्यापाशी काढू नका मात्र. उठा, दार ओढून घ्या.