निळा पत्रा आणि बाबांचा गुडघा

...नाही नाही, काकू, नकाशा राहू द्या तसाच टेबलावर, ग्लास मी बाजूला ठेवते, पण खरं म्हणजे मी तुम्हाला हे सांगायलाच नको. मला बजावलंय. आणि एकाच माणसाने नव्हे, घरातल्या प्रत्येकाने मला वेगवेगळ्या कोपऱ्यात नेऊन बजावलंय, "सांगू नकोस हं!" मला! शाळेत बाई हजेरी घेतात तेव्हा माझं 'हजर' त्यांना ऐकूच येत नाही, शेजारची मुलगी हात वर करून सांगते, "बाई, आहे ती." जिचं 'हजर' पहिल्या बाकापर्यंत पोचत नाही तिला गुपित राखायला काय बजावायचं? पण सगळे बजावतात. बहुतेक म्हणूनच माझ्याजवळ आणून ठेवतात. मी म्हणजे आमच्या घरातला माळा झालेय.

पण आता तुम्ही आलात. गाड्यांचा ताफा करून कड्यावरच्या समुद्राच्या रस्त्याने जायचं म्हणताय, आणि पहिली गाडी बाबांनीच चालवायची म्हणताय, आणि बाबा फोनवर तुम्हाला 'हो' म्हणून बसलेत. आत दाढी करताना शीळ घालतायत, ऐकू येतेय ना? एवढी शीळ त्यांनी कित्येक महिन्यांत घातली नव्हती. म्हणून सांगते. ते बाहेर यायच्या आत सांगते.

बाबांना मधलं दिसत नाही.

कडेचं दिसतं. म्हणजे तुम्ही समोर बसलात तर तुमचे कान दिसतील, खुर्चीचे हात दिसतील, पण तुमचा चेहरा असतो तिथे नुसता धुरकट ठिपका. आणि हे होणार कोणाला? चष्म्याच्या दुकानदाराला! जन्मभर लोकांना खुर्चीवर बसवून "हे स्पष्ट की आधीचं स्पष्ट?" विचारणाऱ्या माणसाला! डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या आतला पडदा मधोमध झिजलाय, याला चष्मा नाही. बाबा म्हणाले, "चष्मा नाही हे तुम्ही मला सांगता?" आणि हसले. हे त्यांनीच मला सांगितलं, हसून सांगितलं, आणि वर म्हणाले, "सांगू नकोस हं. आईला तर नाहीच."

तुम्ही म्हणाल, मग गाडी चालवायचा परवाना कसा राहिला? अहो, तपासणीच्या ऑफिसात भिंतीवर अक्षरांचा जो तक्ता आहे ना, तो आमच्याच दुकानातून गेलाय! बाबांना तो पाठ. साहेब म्हणाले, "वाचा," बाबांनी धडाधड वाचला, आणि सगळ्यात खालची मुंगीएवढी ओळ, जी साहेबांनाही कधी वाचता आली नव्हती, तीसुद्धा म्हणून दाखवली. साहेब उठून उभे राहिले हो! "या वयात काय नजर आहे!" बाबा घरी आले ते पेढे वाटायच्या थाटात आले, आणि आईने कौतुकाने विचारलं, "सगळं दिसलं?" तर म्हणाले, "सगळं." मग बराच वेळ हातपायच धूत राहिले.

आता मला कसं कळलं? माझ्या पोटामुळे! मला गाडी लागते. दुसऱ्या वळणाला तोंडाला पाणी सुटतं, तिसऱ्याला पिशवी. म्हणून मी कायम पुढे, बाबांच्या शेजारी, आणि आई आणि आत्या मागे. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, वळण आलं की सीट धरून ओरडणारी, "अरे हळू! अरे मारतोस का आम्हाला! अरे, मला अजून नवीन दात बसवायचेत!" तर मागच्या वर्षी बाबा मला म्हणाले, "बेटा, तुला सांगू का, वळण आधी ओळखलं की पोट ढवळत नाही. तू मोठ्याने सांगत जा. पुढे काय आहे ते. डावं, उजवं, ट्रक, म्हैस, जे दिसेल ते." मी सांगायला लागले. आणि तुम्हाला सांगते, खरंच पोट ढवळायचं थांबलं! मला वाटलं, काय हुशार आहेत माझे बाबा. शाळेत माझा आवाज निघत नाही, पण घाटात मी ओरडत होते, "डावं, मोठं डावं! समोरून बस! आता सरळ!" आणि बाबा म्हणायचे, "शाबास!" आई मागून म्हणायची, "किती छान खेळ काढलाय बापलेकींनी."

खेळ! आईसुद्धा ना...

तुम्ही तो वरचा घाट चढलायत ना? बोगद्याच्या तोंडाशी कायम पाणी ठिबकतं तो? बोगद्यातून बाहेर आलं की एकदम ढगात शिरतो आपण, काचेवर दूध सांडल्यासारखं, आणि मग ढग फाटतो आणि खाली, इतक्या खाली, की गावं म्हणजे कोणीतरी झाडून एका बाजूला लावलेला केर वाटतो. गेल्या सहलीत तिथे आत्याला माझी दया आली. "पोरीचा घसा सुकला ओरडून," म्हणाली, आणि मागून हात घालून तिने माझ्या तोंडात लिंबाची फोड कोंबली. अख्खी! सालासकट! मला ना गिळता येईना ना थुंकता. आणि समोर उजवं वळण. मी हात हलवतेय, मानेने सांगतेय, "उं! उं!" करतेय. बाबा सरळ. गाडी सरळ. रस्ता उजवीकडे चालला आणि आम्ही सरळ! आणि बाबांचा चेहरा अगदी शांत, माझ्याकडे कान लावलेला. डोळे नव्हे हो. कान. माझ्या शब्दाची वाट बघत होते ते. चाकांखाली खडी करकरली, मी फोड थुंकली ती थेट काचेवर, आणि किंचाळले, "उजवं!"

थांबली गाडी. कठड्याच्या दगडापाशी थांबली. पुढे फक्त वारा होता.

आत्या मागून म्हणते, "अरे, फोटो काढायला थांबायचं तर सांगून तरी थांबावं!"

बाबा खाली उतरले, टायर बघायचं नाटक केलं, मला खुणेने बोलावलं. माझ्या खांद्यावर हात ठेवला. तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. आणि म्हणाले, "ही एवढी सहल. समुद्राचा रस्ता एकदा मनासारखा चालवतो, मग मीच सोडतो. सांगू नकोस हं."

मी काय करायला हवं होतं? तुम्ही मोठे आहात, तुम्ही सांगा. त्यांनी माझ्याकडे आजवर काहीच मागितलं नव्हतं. मी पुढे बसले आणि सांगत राहिले. उतारभर मी एक पापणी मिटली नाही. एकीकडे दरी, एकीकडे ओला खडक, मध्ये मी बोलत असेन तेवढाच रस्ता.

समुद्राकाठी पोचलो. कड्यावर एक जागा आहे, नकाशावर तुम्ही लाल खूण केलीत ना, टोपीवाले काका, तीच. मी लहान असल्यापासून बाबा आम्हाला तिथे नेतात. त्यांनी गाडी लावली, उतरले, ठरल्या जागी जाऊन उभे राहिले, कमरेवर हात ठेवले, छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाले, "बघा! काय निळा आहे आज!"

समोर पत्रा होता.

कसलंतरी बांधकाम काढलंय तिथे, त्याला भोवताली उंच पत्रे ठोकलेत. निळे. समुद्र पत्र्यापलीकडे, लाटांचा आवाज येत होता, खारा वारा येत होता, दिसत मात्र काहीही नव्हतं. आणि बाबा पत्र्याला सांगत होते, "याच्यासाठी, याच्यासाठी माणसाने घाट चढावा-उतरावा!"

आत्याने तोंड उघडलं. "अरे पण हा तर..." आणि आईने तिला असा चिमटा काढला, असा काढला, की आत्याचं वाक्य तिथेच आटपलं. आई पुढे गेली. बाबांच्या शेजारी उभी राहिली. तिने पत्र्याकडे बघितलं, मग बाबांकडे बघितलं. बाबा तिच्याकडे वळले, पण तिच्या चेहऱ्याच्या जरा बाजूला बघत. मला वाटलं आता ही रडणार. आई म्हणाली,

"हो. खूपच निळा आहे."

आणि दोघं तिथे उभी राहिली, पत्र्यासमोर, चांगला बराच वेळ. एक बांधकामवाला आला, म्हणाला, "काय पाहिजे?" आई म्हणाली, "काही नाही, समुद्र बघतोय." तो बिचारा पत्र्याकडे बघून डोकं खाजवत गेला.

मग आईने मला टपरीच्या मागे ओढलं. "तुला माहीत होतं?" मी 'हो' म्हणून मान हलवली. मला वाटलं कानाखाली बसणार. तिने माझे केस कानामागे सारले आणि म्हणाली, "मला कळलंय हे त्यांना सांगू नकोस हं." घ्या! तिचं बोलणं संपतंय न संपतंय तोवर आत्या मला नळापाशी गाठते. "मला केव्हाचंच माहीत आहे. माझं ताट सोडून तो शेजारी टेबलावरच भाजी वाढत होता, तेव्हापासून. त्या दोघांना सांगू नकोस हं." मी म्हटलं, "आत्या, मग तू गाडीत बसतेस कशी?" तर म्हणते, "मी मागे बसून बोंबलते म्हणून तो हळू चालवतो. मला काय हौस आहे का घसा फोडायची?"

तुम्हाला सांगते, गाडीत चार माणसं, चौघांना माहीत, आणि चौघांनी एकमेकांपासून लपवलेलं. आणि मी मध्ये, डावं-उजवं सांगत!

परत निघताना आई ड्रायव्हरच्या दारापाशी गेली आणि म्हणाली, "आज मी चालवते." आईने लग्नाआधी मामाचा टेम्पो चालवलाय, पण आमची गाडी कधी मागितली नव्हती. बाबांनी विचारलं, "का गं?" ती म्हणाली, "तुमचा गुडघा दुखतोय ना." बाबांचा गुडघा अगदी ठणठणीत आहे, अहो! बाबा किल्ली हातात धरून उभे होते. समुद्र पत्र्यामागे आपटत होता. मग ते म्हणाले, "हो. सकाळपासून दुखतोय." आणि किल्ली पुढे केली. आईच्या हाताच्या जरा डावीकडे. आईने हात तिथे नेला.

घाटभर आई दुसऱ्या गियरमध्ये. मागे ट्रकवाले हॉर्न बडवतायत, आत्याला कळेना आता ओरडायचं की नाही, आणि माझी पुढची सीट गेल्यामुळे मी पिशवीत तोंड घालून बसलेली. आणि पुढे आईच्या शेजारी बाबा. डोळे मिटलेले. "आता डावं येईल, मोठं आहे, आधी हॉर्न दे. आता पूल. पुलाच्या पुढे रस्ता आत झुकतो, घाबरू नकोस, तो आपल्याला धरतो. आता उजवीकडे बघ, धबधबा असेल. आहे?" आई म्हणाली, "आहे." एक वळण चुकलं नाही त्यांचं. एक नाही! ढगातसुद्धा आम्ही बाबांच्या आवाजावर आलो. आईला डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून आत्याने मागून पदराने पुसले आणि म्हणाली, "घाम फार येतोय तुला."

तेव्हापासून घरात गुडघा दुखतो. शेजाऱ्यांना गुडघा, दुकानात गुडघा. आई रोज तेल लावते गुडघ्याला, खरंच लावते, आणि बाबा लावून घेतात. आणि आता तुम्ही आलात आणि म्हणालात, "तुमच्याशिवाय पुढे कोण?" आणि गुडघा बरा झाला! काल बाबांनी मला हळूच विचारलं, "तू येशील ना शेजारी बसायला?" आणि कड्यावरच्या त्या रस्त्याला कठडासुद्धा नाही हो, भरतीचं पाणी उडून काचेवर येतं... मी नाही म्हणू शकत नाही. मला कोणालाच नाही म्हणता येत नाही, आणि त्यांना तुम्हाला म्हणता येत नाही.

म्हणून तुम्हीच काहीतरी करा. ते बाहेर आले की आधी एकेकाने बोला, म्हणजे त्यांना आवाजावरून कळेल कोण कुठे बसलंय. डोळ्यांचं काढू नका. गुडघ्याची चौकशी करा, मनापासून करा. आणि मग, टोपीवाले काका, तुम्ही म्हणा की पहिली गाडी मी चालवतो, पण मला तो रस्ता माहीत नाही, शेजारी बसून वळणं सांगायला तुम्हीच हवेत. विनंती करा हं, उपकार केल्यासारखं नको, त्यांना लगेच कळतं. आणि ते म्हणाले, "छे छे, मीच चालवतो," तर...

शीळ थांबली.

"अगं ए, कुठे आहेस? आत ये आधी!"

आई आहे. काय सांगायला बोलावतेय ते मला माहीत आहे, पाहुण्यांना काही सांगू नकोस हं. आले, आई, आले! ...तर काका, ते 'मीच' म्हणाले ना, तर तुम्ही लगेच... अगं हो, आले! काही नाही गं, मी कुठे बोलतेय, मी तर यांना नुसतं पाणी देतेय...