आज डंबेल उचलणारी बाई मीच होते

मी, जिला गल्लीत चिमणीकाकू म्हणतात ती, वय वर्षे अडुसष्ट, काम स्वतःचं घर सांभाळणं, राहणार बेकरीच्या वरचा मजला, पोलीस ठाण्यात समोर बसून सांगते ते असं :

मी विधवा असून एकटी राहते. मुलगा दुसऱ्या शहरात नोकरीला आहे. गेल्या वर्षी मी जिन्यात पडले, मांडीचं हाड मोडलं. नंतर मुलाने मनगटाला बांधायचा एक पट्टा आणि दोन डंबेल पाठवले. हात कसा हलतो त्यावरून कोणता व्यायाम केला, किती जोर लावला, हे पट्टा ओळखतो आणि मुलाच्या फोनवर कळवतो. मुलगा म्हणाला, "आई, अंगात ताकद आली तर तिथेच राहा. नाहीतर घर विकून इकडे यायचं."

सुरुवातीला पट्टा माणसाचा हात शिकून घेतो. तेव्हा माझ्याच्याने काही उचलवत नव्हतं. म्हणून मी तो खाली बेकरीशेजारी लाँड्री चालवणाऱ्या बाईच्या हाताला बांधला. ती म्हणाली, "काकू, पकडलं तर?" मी म्हटलं, "अगं, त्याला काय डोळे आहेत?" तेव्हापासून माझे डंबेल तीच उचलते. मुलगा फोनवर म्हणायचा, "आई, तू तर पैलवान झालीस!" मी म्हणायचे, "तुझ्या बायकोला सांगून ठेव."

आज दुपारी मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी पट्टा स्वतःला बांधला. डंबेल उचललं. उचललं गेलं. म्हणून परत उचललं. दंड भरून आला तशी मलम आणायला गेले. फोन घरीच राहिला.

तेवढ्यात पट्ट्याने मुलाला कळवलं, हा हात आईचा नाही. मुलाने फोन लावला, कुणी घेईना, म्हणून त्याने पोलिसांना सांगितलं. पोलीस आले तर मी घरात नाही आणि घराची किल्ली लाँड्रीवालीकडे, म्हणून तिलाच इथे धरून आणलं. ती किल्ली मीच दिलेली आहे. तिने काही चोरलं नाही, मला काही केलं नाही. तिला सोडावं.

हवालदारांनी विचारलं, "त्या हरवलेल्या बाई तुम्हीच कशावरून?" इथे माझा गोंधळ उडाला. पट्ट्याच्या हिशेबाने लाँड्रीवाली म्हणजे मी, आणि मी म्हणजे कुणीतरी परकी. माझा नवरा मला जिन्यातल्या पावलांवरून ओळखायचा. त्याला विचारायची सोय नाही.

हवालदारांनी मुलाला फोन लावून दिला. मी सगळं सांगितलं. तो हसत होता की रडत होता, मला कळलं नाही.

"आई, म्हणजे आज उचललंस ती खरंच तू?"

"हो रे बाबा, मीच."

"निघतोय," म्हणाला. घराबद्दल काही बोलला नाही. मीही विचारलं नाही.

लिहिलेलं साहेबांनी मोठ्याने वाचलं, मी कान देऊन ऐकलं. सांगितलं तसंच उतरलं आहे. एकदा पट्ट्यालाही वाचून दाखवा.