भिवाचं घोंगडं

हसू नका, पण वेल्ह्यात मास्तर असताना माझी छाती बिघडली आणि मी ठरलेलं लग्न मोडलं. उगाच त्या मुलीला विधवा कशाला करायचं? भोरच्या दवाखान्यात शेजारच्या खाटेवर भिवा धनगर होता, माझ्याहून जास्त खोकायचा. त्याचंही लग्न ठरलेलं. त्यानं सासऱ्याला निरोप धाडला, "लोकर कातून ठेवा, जावयाला घोंगडं लागंल."

मी म्हणालो, "अरे, आधी वाचशील का?"

"मंग घोंगडं कोण पांघरंल?"

दोघेही बरे झालो. औषधानं की आशेनं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

परवा भोरच्या एसटी स्टँडवर भिवा नातवंडांसह भेटला. मला एकट्याला बघून म्हणाला, "मास्तर, तुमी तर मरणार व्हता न्हवं?"