छावणीतला ससा

चहा निवांत घ्या, एक गंमत सांगतो. दुष्काळाच्या साली आम्ही नवरा-बायको बैलं घेऊन कडा गावाकडं सहकारी साखर कारखान्याच्या चारा छावणीत राहायला गेलतो. माझ्या बायकोनं, सुमननं, माहेराहून आणलेला पांढरा ससाही बरोबर होता.

बैलांना चाऱ्याला ऊस मिळायचा. त्यातल्या कांड्या सोलून ती सशाला चारायची, वर लाडानं गुळाचा खडा. थोड्याच दिवसांत त्याचं पोट बिघडलं आणि तो कान पाडून बसला. बैलं तपासायला आलेल्या डॉक्टरांपुढं तिनं ससाच धरला.

"ताई, गोड बंद करा," डॉक्टर म्हणाले. "याला दिवसभर चघळायला वाळलं गवत लागतं आणि प्यायला पाणी. हिरवा पाला थोडा थोडा."

"गवत कुठं हाय आता, सायेब?" असं म्हणता म्हणता तिची नजर वर गेली. आमची खोप माळावरच्या जुन्या गवतानं शाकारलेली होती.

आतल्या बाजूच्या स्वच्छ काड्या उपसून तिनं त्याच्यापुढं टाकल्या. संध्याकाळपर्यंत तो कुरूकुरू खायला लागला. मग ते रोजचंच झालं. छपराला भोक पडलं आणि त्यातून आभाळाचा निळा तुकडा दिसायला लागला. दुपारी आम्ही तिघं त्याच्याखाली पडून राहायचो. बैलांच्या घंटा कुठून तरी लांबून आल्यासारख्या वाटायच्या.

एकदा छावणीचा मुकादम डोकावला. "वहिनी, छप्पर काहून उपसलं? ऊन लागंल की."

सुमन पदर सावरून उठून बसली. म्हणाली, "लागू द्या, भाऊ. ढग आला तर आदी आमालाच दिसंल."