आत्या बारशाला खोकली

न्हाई तर काय हो, जीपमधी मी बसले की माणसं उतरून टपावर जाऊन बसत्यात, अन् खोकला कवाच गेला माझा! पण तुमाला सांगते, तो खोकला साधा नव्हता. सुरू झाला की तोंड काळंनिळं, डोळ्याला धारा, अन् शेवटी घशातून असा आवाज… हूऽऽप! शेळ्या चरायच्या थांबायच्या, अन् माझ्याकडं न्हाई, माझ्या मागं बघायच्या. खोकायची मी, दम घ्यायचं दुसरंच कुणीतरी!

सेनगावचा डॉक्टर म्हणे, डांग्या खोकला हाय. म्हनलं, तो तर लेकराइचा रोग, मी चाळिशी उलटलेली बाई! तर म्हणे, लहानपणच्या लसीचा जोर सरतो, मोठ्यांनी बी परत घ्यावी लागती. गोळ्या पुऱ्या करा, तोंड बांधा, अन् तान्ह्या लेकरापासून लांब ऱ्हावा. मंग हळूच बोलला, "तान्हं बाळ कधी कधी खोकतही नाही, मावशी. त्याचा श्वासच थांबतो."

मोहिनी, माझी भावजय, आदल्याच दिवशी माहेरावरून लेकरू घेऊन आलेली, अन् दुसऱ्या दिवशी बारसं. नाव ठेवायचं कुणी? आत्यानं! पाळण्यात वाकून, कानाला तोंड लावून कुर्रर्र!

भावाला सांगितलं, तर शिवहार म्हणे, आक्का, कारणं काहून सांगून राहिली, मोठ्या माणसाला कुठं डांग्या होतो? मोहिनी म्हणे, वन्संला साडी आवडली नसंल. अन् बारशात शेजारच्या शालूबाईनं दंडाला धरून वढलं मला पाळण्यापाशी, तोंडाचा पदर बी काढला त्या बाईनं! लेकरू टकामका बघून राहिलं… अन् माझ्या घशात खवखव. काय करू, सांगा? हिसडा दिला, भिताडाकडं पळाले अन् तिथं… हूऽऽप! समद्या बाया माझ्या मागं बघायला लागल्या. खोकायची मी, दम घ्यायचं दुसरंच कुणीतरी… मंग म्हनलं, तेच सांगावं.

"माझ्या अंगात कुणीतरी हाय," मी म्हनलं. "त्याला हे लेकरू पायजे."

पाळणा आतल्या खोलीत, दाराला कडी! डॉक्टरचं कुणी ऐकलं न्हाई, भुताचं बराबर ऐकलं. नाव शालूबाईनं ठेवलं.

आता लेकरू गुबगुबीत झालंय म्हणत्यात. म्हणत्यातच… मला कुठं दावत्यात? परवा डॉक्टरची चिठ्ठी घेऊन गेले, खोकला बरा झाल्याची. शिवहारनं दारातच वाचली, घडी घालून परत दिली.

म्हणे, "खोकला गेला व्हय, आक्का. पण ते गेल्याची चिठ्ठी आण ना."